लॅपटॉपच्या स्क्रीनवर नकाशा उमटलाय? पाणी-चहा सांडल्यावर आत काय होतं आणि दुकानात काय विचारायचं

आजचा भाग ऐकण्यापेक्षा वाचायला जास्त सोयीचा पडेल, कारण यातल्या बऱ्याच गोष्टी हातात लॅपटॉप घेऊन करून बघायच्या आहेत. पण तुमच्या लॅपटॉपवर आत्ता, या क्षणी काही सांडलं असेल आणि तुम्ही फोनवर हे शोधत इथे आला असाल, तर गप्पा नंतर. आधी हे करा.

पॉवरचं बटण दाबून धरा. दहा-पंधरा सेकंद, मशीन पूर्ण बंद होईपर्यंत. फाइल सेव्ह करायच्या भानगडीत पडू नका. न सेव्ह केलेली दोन पानं पुन्हा टाइप होतात, मदरबोर्ड पुन्हा टाइप होत नाही. चार्जर लावलेला असेल तर भिंतीवरचं बटण आधी बंद करा, मग पिन काढा. माऊस, पेन ड्राइव्ह, जे लटकतंय ते काढा. वरवरचं पाणी सुती कपड्याने टिपून घ्या, पुसू नका. आता झाकण अर्धवट उघडं ठेवून लॅपटॉप टेबलावर तंबूसारखा उलटा उभा करा: बिजागरी वर, स्क्रीनची वरची कड आणि कीबोर्डची पुढची कड टेबलावर. झाकण मिटू मात्र नका. मिटलंत की कीबोर्डवरचा चहा स्क्रीनला लागलाच.

तंबूच का, तर त्यामागे कारण आहे. स्क्रीनचा सगळा मेंदू तिच्या खालच्या कडेला असतो, बिजागरीजवळ. तिथे एक अरुंद लांबट सर्किट पट्टी असते आणि मदरबोर्डकडून येणारी केबलही बहुतेक वेळा तिथेच जोडलेली असते. लॅपटॉप नेहमीसारखा उभा ठेवला तर स्क्रीनवरचा प्रत्येक थेंब ओघळून नेमका तिथे जातो. तंबू केला की ती बाजू वर येते आणि पाणी उलट्या दिशेने, स्क्रीनच्या वरच्या कडेकडे उतरतं. तिथे फार तर कॅमेरा असतो. कॅमेरा गेला तर चालेल. मीटिंगमध्ये कॅमेरा बंद ठेवायला एक खरं कारण मिळेल.

आणि हो, तांदूळ नको. तांदळाचं हे खूळ कुठून आलं देव जाणे, पण डब्यातला तांदूळ आतल्या चिपखालचं पाणी ओढून घेत नाही. उलट त्याची भुकटी आणि बारीक कण पोर्टमध्ये जातात. ॲपलनेही आयफोनसाठी स्पष्ट लिहून ठेवलंय की भिजलेला फोन तांदळात ठेवू नका. हेअर ड्रायरची गरम हवाही नको. स्क्रीनच्या आतले थर प्लास्टिकचे असतात, ते वाकतात. साधा पंखा सगळ्यात बरा. पावसाळ्यात मात्र आपल्याकडे हवाच इतकी दमट असते की दोरीवरची जीन्स तीन दिवस वाळत नाही, तिथे बंद डब्यातला बोर्ड एका रात्रीत कसा वाळेल? म्हणून "रात्रभर ठेवला होता, सकाळी चालू करून बघितला" हे वाक्य दुरुस्तीवाल्याला अजिबात आवडत नाही.

बॅगेतली बाटली

लॅपटॉप भिजतो म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर टेबलावरचा चहाचा कप येतो. पण दिव्यात राहणाऱ्या, रोज लोकलने जाणाऱ्या माणसासाठी जास्त मोठा धोका पाठीवरच्या, किंवा गर्दीत छातीवर घेतलेल्या बॅगेत असतो. सकाळी दिव्याला चढलात की मुंब्रा, कळवा, ठाण्यापर्यंत बॅग चारही बाजूंनी दाबली जाते. त्यात पाण्याची बाटली, डब्यातली आमटी, आणि मधल्या कप्प्यात लॅपटॉप. तोही बहुतेकांचा बंद केलेला नसतो, फक्त झाकण मिटलेला असतो. म्हणजे झोपलेला, पण जिवंत. रॅममध्ये वीज, बॅटरी जोडलेली. बाटलीचं झाकण दाबाने सैल झालं की पाणी कप्प्याच्या तळाशी साचतं, आणि लॅपटॉप त्यात उभा असतो.

इथे एक साधी गोष्ट फार फरक पाडते: तो कोणत्या बाजूने उभा होता? बिजागरी खाली असेल तर पाणी सरळ केबल, पट्टी आणि हवा बाहेर टाकायच्या फटींपाशी. बिजागरी वर असेल तर स्क्रीनची वरची कड आणि टचपॅडची बाजू भिजते. तेही वाईटच, तिथे बॅटरी असते. पण स्क्रीन वाचण्याची शक्यता बरीच वाढते. तेव्हा बॅगेत लॅपटॉप ठेवताना बिजागरी वर, आणि प्रवासाआधी शटडाऊन. बाटली बाहेरच्या जाळीत.

दुसरी गंमत अशी की गर्दीत भिजणं आणि गर्दीत दाबलं जाणं, दोन्हीचे डाग वेगळे असतात आणि लोक त्यांची गल्लत करतात. दाबामुळे आलेला डाग हा गोलसर, उजळ पांढरट ठिपका असतो. बहुधा मध्यभागी कुठेतरी, चार्जरच्या ठोकळ्याने किंवा डब्याने जिथे रेटा दिला तिथे. त्याला कडा नसते. पाण्याचा डाग जवळजवळ नेहमी स्क्रीनच्या काठाकडून आत आलेला असतो आणि त्याला किनारपट्टीसारखी वाकडीतिकडी रेघ असते, अगदी नकाशा. दाबाने काच फुटली असेल तर काळ्या शाईसारखा डाग पसरतो आणि त्यातून कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा निघतात. "पाणी गेलंय" म्हणून आणलेला लॅपटॉप प्रत्यक्षात दाबाने फुटलेला असू शकतो, आणि तसं असेल तर वाळवण्यात आठवडा घालवून काही होणार नाही.

कोणतं पाणी?

शुद्ध पाणी विजेचं फार वाईट वाहक आहे. बिघाड करतात ते पाण्यात विरघळलेले क्षार. म्हणून "फक्त पाणीच सांडलं ना" यावर माझा पहिला प्रश्न असतो, कुठलं पाणी? दिव्यात पाण्याची टंचाई जुनी आहे. कित्येक इमारतींत टँकरचं किंवा बोअरवेलचं पाणी वापरतात. ते जितकं जड, तितके क्षार जास्त. बादलीला जी पांढरी पुटं चढतात, तीच पुटं पाणी उडून गेल्यावर स्क्रीनच्या केबलवर राहतात. फिल्टरचं पाणी त्यामानाने सौम्य. चहा आणि कोल्ड्रिंक त्याहून वाईट, कारण साखर चिकट राहते आणि हवेतला दमटपणा धरून ठेवते. वरून कोरडं दिसतं, आत ओलंच.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे पुराचं पाणी. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, ते वर्ष घरातल्या मोठ्यांना विचारा. तितका नाही तरी जोराचा पाऊस आणि भरती एकत्र आली की दिव्यातल्या सखल भागात तळमजल्याच्या घरात पाणी शिरतं. आपण खाडीच्या शेजारी राहतो. या पाण्यात गटार, माती आणि खाडीचं मीठ सगळं मिसळलेलं असतं. त्यात बुडालेला लॅपटॉप वाळवायला ठेवणं म्हणजे आतलं मीठ वाळवणं. तो लवकरात लवकर उघडून, बॅटरी काढून, धुवायलाच लागतो. हो, धुवायला. ऐकायला विचित्र वाटतं, पण बोर्ड साफ करण्यासाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरतात, दुकानात त्याला नुसतं आयपीए म्हणतात. ते पाण्यात मिसळतं, पाण्याला सोबत घेऊन उडून जातं आणि मागे क्षार ठेवत नाही.

आता वीज चालू असताना हे खारट पाणी नक्की काय करतं ते बघू, कारण इथेच सगळी गोम आहे. स्क्रीनच्या केबलच्या टोकाला साधारण तीस किंवा चाळीस पिन असतात. दोन पिनांमधलं अंतर अर्धा मिलिमीटर किंवा त्याहूनही कमी. त्यातल्या काही पिनांवर बॅकलाइटसाठी बॅटरीइतकं व्होल्टेज असतं, काहींवर ३.३ व्होल्ट, आणि चित्राची माहिती नेणाऱ्या पिनांवर एक व्होल्टपेक्षाही कमी. खारट पाण्याचा एक थेंब या शेजाऱ्यांमध्ये पूल बांधतो. मग दोन गोष्टी होऊ शकतात. एकतर जास्त व्होल्टेज नाजूक पिनेत घुसतं आणि काहीतरी लगेच जळतं. किंवा हळूहळू एका पिनेचा धातू विरघळून दुसऱ्या पिनेकडे वाढत जातो, झाडाच्या फांद्यांसारखा. सोबत हिरवट-पांढरा गंज. म्हणूनच सांडल्यावर दोन आठवडे छान चाललेला लॅपटॉप एका सकाळी अचानक काळा पडतो. "तेव्हा तर काही झालं नव्हतं" असं आपण म्हणतो. झालं होतं, फक्त पूर्ण व्हायला वेळ लागला.

काळी स्क्रीन म्हणजे मेलेली स्क्रीन नव्हे

पुढच्या चाचण्या मशीन नीट उघडून, साफ करून, वाळवून झाल्यावरच्या आहेत. किंवा सांडून बरेच दिवस झालेत आणि तुम्ही ते वापरतच आलात, तेव्हाच्या. ओल्या मशीनवर चाचणी करू नका, चाचणी म्हणजे वीजच.

एलसीडी स्क्रीन स्वतः उजेड देत नाही. पापडांच्या थप्पीसारखे थर असतात. मागे पांढरा कागद, त्यावर उजेड पसरवणारी पारदर्शक पाटी, मग दोन-तीन दुधी पडदे, आणि सगळ्यात पुढे काच, जिच्यात चित्र बनतं. उजेड येतो खालच्या कडेच्या एलईडीच्या पट्टीतून. म्हणजे "चित्र" आणि "उजेड" ही दोन वेगळी खाती आहेत आणि बिघाडही वेगवेगळे होतात.

स्क्रीन काळी आहे पण कॅप्स लॉक दाबल्यावर दिवा लागतो-विझतो, पंख्याचा आवाज येतो? मग मशीन जिवंत आहे. खोलीत अंधार करा, फोनचा टॉर्च स्क्रीनवर तिरका धरा आणि जवळून बघा. भुतासारखं पुसट चित्र दिसतंय, आयकॉन, माऊसचा बाण? तर काच ठीक, चित्र ठीक, गेलाय फक्त उजेड. ही बातमी चांगली आहे. मदरबोर्डवर बॅकलाइटच्या वाटेवर अनेकदा तांदळाच्या कणाहून लहान फ्यूज असतो. पाण्याने शॉर्ट झालं की तो स्वतः जळतो आणि पुढच्यांना वाचवतो. मल्टिमीटर लावला की दोन मिनिटांत कळतं. या बिघाडासाठी अख्खी स्क्रीन बदलायची गरज नसते, आणि नेमकी इथेच सगळ्यात जास्त स्क्रीन विनाकारण बदलल्या जातात असं माझं मत आहे. (तुमची स्क्रीन ओएलईडी असेल तर टॉर्चची ही युक्ती लागू नाही, तिथे मागे दिवाच नसतो.)

टॉर्चमध्येही काही दिसलं नाही, तर घरातल्या टीव्हीला एचडीएमआय केबलने जोडा. विंडोज असेल तर विंडोजचं बटण आणि पी दाबून बघा. टीव्हीवर सगळं नीट दिसलं तर मदरबोर्डचा मोठा भाग शाबूत आहे. दोष स्क्रीन, तिची केबल किंवा दोन्हीकडची सॉकेट यातच. टीव्हीवरही रेघा आणि रंगांचा गोंधळ दिसला तर मात्र स्क्रीन बदलून उपयोग नाही, दुखणं बोर्डात आहे.

रेघा येत असतील तर अजून सोपी युक्ती: स्क्रीनशॉट काढा आणि स्वतःच्या फोनवर पाठवा. फोनवर रेघा दिसल्या तर त्या चित्रातच आहेत, म्हणजे ग्राफिक्स किंवा सॉफ्टवेअर. फोनवर चित्र स्वच्छ असेल तर रेघा स्क्रीन किंवा केबलच्या. मग झाकण हळूच पुढे-मागे करा. हलवल्यावर रेघा बदलतात, लुकलुकतात? केबलवर संशय घ्या. रेघ कायम एकाच जागी, बारीक, सरळ उभी? तर काचेच्या कडेला चिकटवलेल्या पट्ट्यांचा जोड गेलाय. हा जोड डाग देऊन बसत नाही, त्याला खास यंत्र लागतं, आणि आपल्या स्टेशनबाहेरच्या दुकानात ते नसतं. तिथे स्क्रीन बदलणं हाच मार्ग. डेलच्या बऱ्याच मॉडेलांत डी हे बटण दाबून धरून मशीन चालू केलं की स्क्रीन आपोआप पांढरी, काळी, लाल, हिरवी, निळी होत जाते. त्यात रेघ दिसली तर विंडोजला दोष देण्याचा प्रश्नच मिटला.

आणि फक्त नकाशा आहे, बाकी सगळं चालू आहे, तेव्हा काय? पाणी त्या दुधी पडद्यांच्या मध्ये शिरून वाळलंय, क्षारांची रेघ मागे राहिलीये. थर सोडवून पुसता येतात, पण घरी करू नका. पंख्याखालच्या खोलीत धुळीचा एक कण आत गेला की तो कायमचा पाहुणा. डाग कोपऱ्यात असेल आणि वाढत नसेल तर त्याच्यासोबत राहा. दर दोन दिवसांनी पांढरं पान उघडून फोनने फोटो काढून ठेवा, वाढतोय की नाही ते कळेल.

दुकानात जाण्याआधी

आधी डेटा. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट, नोकरीची कागदपत्रं, आईबाबांच्या लग्नाचे स्कॅन केलेले फोटो, यांची किंमत स्क्रीनपेक्षा जास्त असते. मशीन टीव्हीवर चालतंय तर त्याच अवस्थेत सगळं कॉपी करून घ्या. चालत नसेल आणि एसएसडी वेगळी निघणारी असेल तर ती काढून छोट्या यूएसबी डबीत घालून दुसऱ्या लॅपटॉपला लावता येते. पण इथे एक खड्डा आहे. नव्या विंडोजमध्ये बऱ्याचदा डिस्क आपोआप कुलूपबंद झालेली असते, तुम्हाला पत्ताही नसतो. बोर्ड बदलला किंवा डिस्क दुसरीकडे लावली की ती ४८ आकडी रिकव्हरी की मागते. ती की बहुतेक वेळा तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये साठवलेली असते. फोनवरून लॉग-इन करून आत्ताच शोधून कागदावर लिहून ठेवा. हे लॅपटॉप भिजला नसला तरी आज करा.

मग वॉरंटी. नेहमीच्या वॉरंटीत पाण्याचं नुकसान येत नाही. विकत घेताना "ॲक्सिडेंटल डॅमेज" असं वेगळं संरक्षण घेतलं असेल तर येतं, तेव्हा बिल शोधा. संरक्षण असेल तर बाहेर कुठेही उघडू नका. आणि कंपनीच्या सेंटरमध्ये खोटं बोलण्यात अर्थ नाही. कित्येक लॅपटॉपच्या आत पाणी लागलं की लाल होणारे छोटे स्टिकर असतात.

संरक्षण नसेल तर डोंबिवली, कल्याण, ठाणे, नाहीतर ग्रँट रोडचा लॅमिंग्टन रोड. लांबचं दुकान चांगलंच असतं असं नाही. तुमच्यासमोर उघडणारं दुकान चांगलं. उघडल्यावर पहिल्यांदा बॅटरीचा कनेक्टर काढतो का ते बघा. मग विचारा: केबलचं सॉकेट मायक्रोस्कोपखाली बघणार का? बॅकलाइटचा फ्यूज तपासला का? बोर्ड आयपीएने साफ करणार का? या प्रश्नांचा राग येणारा कारागीर सोडून द्या. कारण सगळ्यात महाग पडणारी चूक ही आहे: जुनी स्क्रीन काढायची, सॉकेटमधला गंज तसाच ठेवायचा आणि त्यावर नवी कोरी स्क्रीन लावायची. तो गंज पंधरा दिवसांत नवी स्क्रीनही घेऊन जातो आणि मग दुकानदार म्हणतो, तुम्हीच पुन्हा पाणी सांडलं असेल. तुम्ही सिद्ध काय करणार?

स्क्रीन बदलायचीच ठरली तर लॅपटॉपचं मॉडेल सांगून भागत नाही, एकाच मॉडेलमध्ये तीन-चार वेगळ्या स्क्रीन येतात. जुन्या स्क्रीनच्या मागे स्टिकरवर नंबर असतो, त्याचा फोटो घ्या. त्यात १५६ दिसलं तर १५.६ इंच, १४० दिसलं तर १४ इंच. पिन तीस की चाळीस, रिझोल्यूशन १३६६ बाय ७६८ की १९२० बाय १०८०, आणि बाजूने बघितल्यावर रंग उडतात की टिकतात, एवढं जुळलं पाहिजे. "हीच बसेल" म्हणून फुल एचडीच्या जागी कमी रिझोल्यूशनची स्क्रीन लावली गेली तर सेटिंगमध्ये डिस्प्ले उघडून दुकानातच कळतं. बिलावर स्क्रीनचा नंबर आणि वॉरंटीचे दिवस लिहून घ्या, आणि जुनी स्क्रीन परत मागा. ती तुमचीच आहे.

कंपनीच्या सेंटरने "रिपेअर होत नाही, नवा घ्या" म्हणून सरळ हात वर केले, तर माहीत असू द्या की केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ ला राइट टू रिपेअरचं पोर्टल सुरू केलंय. अनेक कंपन्यांची सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती तिथे एका जागी मिळते. बिल असूनही दुकान वॉरंटी नाकारत असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५, मराठीतही बोलता येतं.

घरी आणल्यावर पहिले तीन-चार दिवस चार्जिंगला लावून झोपू नका. तळ हाताने चाचपून बघा. टचपॅड वर आल्यासारखा वाटला, खालचं झाकण फुगलेलं दिसलं, तर बॅटरी भिजलेली होती असं समजा आणि चार्जर काढून तसाच दुकानात न्या. ब्राइटनेस पूर्ण कमी, पूर्ण जास्त, झाकण वीस वेळा उघड-बंद, पांढरं पान, काळं पान. हे सगळं पहिल्याच आठवड्यात करून घ्या, बिलावरची तारीख ताजी आहे तोवर.